तारेचा हिशेब

थर्माकोल कापणारी तार लालभडक दिसली की समजावं, कुठेतरी हिशेब चुकलाय. बरोबर तापलेली तार दिवसाउजेडी तापलेली दिसतच नाही. ती आपली काळसर-करडीच असते. शीट टेकवलं की बारीक सुर्र आवाज येतो, आणि हाताने जेमतेम दिशा दिली तरी शीट तारेतून पुढे सरकत जातं. जोर लावावा लागला तर तार थंड आहे. खाच रुंद पडली, कडा वितळून त्यांचे मणी झाले, डोळे चुरचुरायला लागले, तर तार जास्त तापली आहे. या दोहोंच्या मधली जागा अरुंद असते आणि ती अंदाजाने सापडत नाही. बॅटरीचे व्होल्ट आणि तारेचा रोध यांची जोडी जमवली तरच सापडते. ही जमवाजमव मी लालबागला मामांच्या गाळ्यात शिकले. पुढे विजेच्या ज्या ज्या वस्तूला हात लावला तिथे ती उपयोगी पडली. अलीकडे भाचा घरी एक नळी घेऊन आला, खिशात मावेल एवढी आणि आपल्याकडे कायद्याने बंदी असलेली, तेव्हाही.

मामा गिरणीत वायरमन होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि त्यांच्यासाठी गिरणीचं फाटक पुन्हा उघडलं नाही. त्या काळात परळ-लालबागमध्ये ज्याच्या हातात जी कला होती ती त्याने पोटापाण्याला लावली. मामांच्या हातात पक्कड, टेस्टर आणि मीटर होता. वर्षभर ते इस्त्र्या, पंखे, मिक्सर दुरुस्त करत. आषाढ लागला की गाळ्यातलं सामान माळ्यावर जाई आणि खाली थर्माकोलची शीटं रचली जात. मी तेव्हा शाळेत होते. शाळा सुटली की घरी दप्तर टाकून गाळ्यावर जायचं, मामीने दिलेला चहा प्यायचा आणि कामाला बसायचं.

लालबाग-चिंचपोकळी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोठी मंडळं येतात. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२०पासूनचा, गणेश गल्लीचा १९२८चा, लालबागच्या बाजारातला राजा १९३४चा. त्यांची आरास करणारी माणसं वेगळी, त्यांचे मंडप वेगळे. आमचं गिऱ्हाईक म्हणजे घरगुती गणपती, आणि त्यातही बरीचशी गावी जाणारी मंडळी. कणकवली, देवगड, राजापूर, लांजा. मखर इथे बनवून घ्यायचं, सुटं करायचं, खोक्यात भरायचं आणि एसटीच्या टपावर टाकून घेऊन जायचं. गावी पोचल्यावर ओटीवर पुन्हा जोडायचं, तेही शक्यतो खळ-फेविकॉल न लावता, कारण पुढल्या वर्षी तेच वापरायचं असे. खांब पट्टीत बसायचा, पट्टी कमानीच्या खाचेत बसायची, आणि सगळं एकमेकांच्या आधाराने उभं राहायचं.

म्हणूनच तारेच्या उष्णतेला एवढं महत्त्व. इंचभर जाडीच्या शीटसाठी खाच इंचभराचीच हवी. तार जास्त तापली की ती शीटला लागायच्या आधीच आजूबाजूचं थर्माकोल वितळवते, कारण त्यात प्लॅस्टिक नावापुरतं आणि बाकी जवळजवळ सगळी हवाच असते. शंभरेक अंशांना ते मऊ पडून आक्रसतं. खाच दीड-दोन मिलीमीटरने मोठी झाली की खांब डुगडुगतो. लालबागमध्ये ते कळत नाही. देवगडला ओटीवर आरती चालू असताना कमान पुढे झुकली की कळतं, आणि तेव्हा बनवणारा दीड-पावणेदोनशे कोसांवर बसलेला असतो.

तार नायक्रोमची. निकेल आणि क्रोमियम यांचा मिश्रधातू. अल्बर्ट मार्श या अमेरिकन माणसाने १९०६मध्ये त्याचं पेटंट घेतलं. इस्त्री, गीझर, शेगडी, टोस्टर यांची कॉइल त्याचीच, किंवा त्याच्या लोखंड-क्रोमियम-अॅल्युमिनियमच्या भावंडाची. तांब्याच्या तुलनेत त्याचा रोध साठपटीच्या आसपास. चौदाशे अंशांपर्यंत ते वितळत नाही, हवेत तापलं तरी लवकर गंजून तुटत नाही. आणि नवशिक्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा गुण असा, की तापल्यावर त्याचा रोध फारसा बदलत नाही. विजेच्या जुन्या पिवळ्या बल्बची तार थंड असताना मोजली तर जो आकडा येतो तो पेटल्यावर दहापटीहून जास्त होतो. त्यामुळे तिथे मीटर लावून हिशेब करता येत नाही. नायक्रोमचा थंड असतानाचा आकडा कापायच्या उष्णतेलाही जवळपास तोच राहतो. मीटरने मोजा, कागदावर भागाकार करा, आणि तो भागाकार खरा ठरतो. ज्या वस्तूवर असा विश्वास टाकता येतो तिच्याबद्दल मला अजून प्रेम वाटतं.

तार आणायला आम्ही लॅमिंग्टन रोडला जायचो. एल्फिन्स्टन रोडहून, म्हणजे आताच्या प्रभादेवीहून, गाडी पकडून ग्रँट रोडला उतरायचं. रस्त्याचं पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण मीटर-ट्रान्झिस्टर घेणारा कोणीही ते नाव उच्चारत नाही. तिथे एका दुकानदाराने आम्हाला एकदा सव्वीस गेजची म्हणून अठ्ठावीसची तार दिली होती. मामांनी दुकानातच खिशातून मीटर काढला, एक मीटर तार हातावर मोजून ताणली आणि टोकांना काड्या लावल्या. सव्वीस गेजला मीटरमागे साडेसहा-पावणेसात ओहम यायला हवेत. काटा दहाच्या जवळ गेला. दुकानदाराने मुकाट्याने दुसरं रीळ काढलं. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते आणि रोध वाढतो, हे मला त्या काउंटरवर समजलं. शाळेच्या पुस्तकात ते नंतर आलं.

आता हिशेब. साठ सेंटिमीटर सव्वीस गेजची तार म्हणजे चार ओहम. तिला बारा व्होल्ट दिले तर बारा भागिले चार, तीन अँपिअर वीज वाहते. उष्णता किती? व्होल्ट गुणिले अँपिअर, छत्तीस वॅट. साठ सेंटिमीटरवर छत्तीस वॅट, म्हणजे सेंटिमीटरमागे अर्ध्या वॅटहून थोडे जास्त. या उष्णतेला एक-दोन इंची शीट छान कापलं जातं. जॉर्ज ओहमने हा नियम १८२७मध्ये छापला, आणि लालबागच्या गाळ्यात त्याच्यात काही कमी-जास्त करावं लागलं नाही.

नवशिक्या माणूस अडतो तो पुढच्या पायरीवर. कमानीवरची वेलबुट्टी कापायला लहान कटर लागतो, तीस सेंटिमीटरचा. माणूस म्हणतो, तार अर्धी केली, आता उष्णताही अर्धी होईल. होतं उलटं. तार अर्धी झाली की रोध दोन ओहम झाला. बारा व्होल्ट तेच राहिले, तर वीज सहा अँपिअर झाली आणि उष्णता बहात्तर वॅट. तार निम्मी आणि उष्णता दुप्पट, म्हणजे प्रत्येक सेंटिमीटरच्या वाट्याला चौपट. तार क्षणात लाल होते, सैल पडते, शीट तिच्यापासून दूर पळतं आणि गाळा धुराने भरतो. मोठ्या कटरचं उलट. एकशेवीस सेंटिमीटर तारेला आठ ओहम, बारा व्होल्टवर दीड अँपिअर, आणि ती तार नुसती कोमट होते.

मामांचं म्हणणं, वॅटमध्ये गुंतू नको, अँपिअर धरून चाल. त्या जाडीच्या तारेला तीन अँपिअर हवेत म्हणजे हवेत, तार केवढीही असो. तीस सेंटिमीटरला सहा व्होल्ट, साठला बारा, नव्वदला अठरा, एकशेवीसला चोवीस. दर वेळी तीनच अँपिअर. अठ्ठावीस गेजची बारीक तार घेतली तर तिला दोन अँपिअर पुरतात. त्यांनी एका वाइंडिंगवाल्याकडून सहा-सहा व्होल्टांवर टोकं काढलेला पाच अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर बनवून घेतला होता आणि त्याच्यापुढे गिरणीच्या भंगारातून घेतलेला पितळी कडीचा गोल अँमीटर जोडला होता. काटा तीनवर आला की शीट हातात घ्यायचं. मी तारेकडे डोळे लावून बसले की ते म्हणायचे, "तारेकडे काय बघतंस? तार किती लांब आसा ता पयला बघ, मगे बॅटरीक हात लाव."

त्यांच्या आणखी दोन गोष्टी सांगते. एक, तारेच्या एका टोकाला स्प्रिंग हवीच. तापल्यावर साठ सेंटिमीटरची तार दीड-दोन मिलीमीटर लांबते. स्प्रिंग नसेल तर तेवढीच मधोमध लोंबते आणि सरळ कापायला घेतलेला खांब पोटात बाकदार निघतो. दुसरी, घरातल्या २३० व्होल्टला ही तार कधीही थेट लावायची नाही, बल्बच्या सिरीजमध्येही नाही. त्या काळी चाळीत काही जण असं करत. तार तापायची, कापायचीही, पण ती उघडी तार जिवंत असायची. बोट लागलं की माणूस गेला. ट्रान्सफॉर्मरने वीज आधी घरच्या लाइनपासून तोडली जाते आणि मग बारा-चोवीस व्होल्टवर आणली जाते. या एका बाबतीत मामा कोणाशी वाद घालत नसत. सरळ जाऊन प्लग उपटत.

लाइट गेली की काम थांबवणं परवडत नसे. चतुर्थी कोणासाठी पुढे जात नाही. शेजारचे एक काका फियाट टॅक्सी चालवत. रात्रपाळी नसली की त्यांची बॅटरी गाळ्यात यायची. पूर्ण भरलेली बॅटरी बारा नाही, साडेबाराच्याही थोडी वर असते, आणि काम चालू असताना हळूहळू साडेअकरापर्यंत उतरते. व्होल्ट नऊ-दहा टक्क्यांनीच उतरतात, पण उष्णता व्होल्टच्या वर्गाने बदलते, त्यामुळे ती जवळजवळ वीस टक्क्यांनी कमी होते. हाताला ते लगेच समजतं. सुरुवातीला सरसर जाणारं शीट अडखळायला लागतं. तेव्हा मामा कटरच्या टोकाची क्लिप दोन बोटं आत सरकवायचे. तार तेवढी आखूड झाली, रोध कमी झाला, काटा पुन्हा तीनवर.

हे सगळं काम २०१८मध्ये संपलं. २३ मार्चला राज्य सरकारने प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. सजावटीचं थर्माकोलही त्यात आलं. थर्माकोलवाले त्या वर्षापुरती सवलत मागायला उच्च न्यायालयात गेले, ती मिळाली नाही. मामा तोवर गेले होते. गाळा मी चालवत होते, आणि माळ्यावर शीटं पडून होती. नुकसान झालं. तरीही बंदी योग्यच होती असं मी तेव्हाही म्हणत होते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीवर भरतीच्या रेषेने जे पांढरे मणी पसरलेले असत, ते मी पाहिले आहेत. ते उचलता येत नाहीत. वाळू चाळावी लागेल. आमच्या हातचं सुबक काम शेवटी त्याच मण्यांत जायचं. कला चांगली होती, माल वाईट होता, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात. दादर-परळात पुठ्ठ्याची, कागदाची मखरं आधीपासून होत होती. नानासाहेब शेंडकरांच्या 'उत्सवी'ने तर बंदीच्या कितीतरी वर्षं आधी पुठ्ठ्याचं काम उभं केलं होतं. आम्हीही पुठ्ठ्याकडे वळलो. पुठ्ठ्याला तापलेली तार चालत नाही, ब्लेड लागतं. कटर माळ्यावर गेले.

भाच्याने ती नळी आणली ती यानंतर. बहिणीचा मुलगा, कॉलेजात जाणारा. त्याच्या मित्राची होती. धातूची, वजनदार, खाली सेल, वर कॉइल, मध्ये एक बटण. "मावशी, तुझ्याकडे मीटर आहे ना? याची कॉइल जळते सारखी. किती ओहमची लावायची ते सांग." मी उघडून पाहिली. कापसाच्या वातीभोवती गुंडाळलेले तारेचे पाच-सहा वेढे. आमचीच तार, फक्त वीतभरही नाही. कापूस करपून काळा झालेला.

ई-सिगारेट ती हीच. हॉन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने २००३च्या सुमारास आजच्या रूपाची पहिली बनवली, आणि दहा-बारा वर्षांत ती जगभर झाली. आपल्याकडे १८ सप्टेंबर २०१९ला अध्यादेशाने आणि त्याच डिसेंबरात कायद्याने तिचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण, जाहिरात सगळ्यावर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी ती मुलांच्या खिशात सापडते, आणि सोबत कागद नाही, माहिती नाही, विचारायची सोय नाही. कोणाला विचारलं तर ओरडा बसेल या भीतीने मुलं एकमेकांनाच विचारतात. म्हणून मी ओरडले नाही. मीटर काढला.

आधी मीटरच्या दोन काड्या एकमेकींना टेकवल्या आणि भाच्याला आकडा वाचायला लावला. ०.३. म्हणजे काहीही न मोजता मीटरच्या स्वतःच्या वायरीच ०.३ ओहम दाखवतात. आमच्या चार ओहमच्या तारेत याने फरक पडत नसे. मग काड्या कॉइलला लावल्या. ०.५. त्यातून ०.३ वजा केले, उरले ०.२. साध्या मीटरवर शेवटचा आकडा एकाने हलला तर ०.२चे ०.१ होतात किंवा ०.३, आणि त्याबरोबर वीज दुप्पट होते किंवा तिसऱ्या हिश्शाने कमी होते. एवढ्या कमी रोधाची वस्तू एवढ्या ढोबळ मापाने जुळवायला बसणं हाच पहिला धोका.

सेल अठरा मिलीमीटर जाड, पासष्ट मिलीमीटर लांब, जो १८६५० म्हणून ओळखतात तो. पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. कागदावर मांडलं: ४.२ भागिले ०.२, एकवीस अँपिअर. गुणिले ४.२, अठ्ठ्याऐंशी वॅट. मी भाच्याला माळ्यावरून कटर काढून दाखवला. हातभर तारेला आम्ही छत्तीस वॅट देत होतो, इथे बोटभर तारेला त्याच्या दुपटीहून जास्त.

"सेल कुठला?" मी विचारलं. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला. लॅपटॉपमधले असे सेल बहुतेक चार-पाच अँपिअर सोसतील इतपत बनवलेले असतात, तेही आत राखणदार सर्किट असताना. इथे सर्किट नव्हतंच. बटण दाबलं की सेल आणि कॉइल थेट जोडले जात. लिथियमच्या सेलकडून त्याच्या ताकदीच्या चौपट वीज ओढली की तो आतून तापतो, एका मर्यादेनंतर त्याची स्वतःचीच रासायनिक क्रिया त्याला आणखी तापवते, मग बटण सोडूनही ती थांबत नाही. आणि इथे तो धातूच्या बंद नळीत, तोंडासमोर धरलेला. अमेरिकेत अशा नळीच्या स्फोटात माणसं दगावली आहेत. २०१८मध्ये फ्लोरिडात एक, २०१९मध्ये टेक्सासात एक. मी हे त्याला घाबरवायला सांगितलं नाही, पण तो घाबरला, आणि ते बरं झालं.

मग त्याने चांगला प्रश्न विचारला. दीड ओहमची कॉइल लावली तर? तेही मांडलं. भरलेल्या सेलवर २.८ अँपिअर, बारा वॅटच्या आतबाहेर. सेल उतरून ३.३ व्होल्टवर आला की सात वॅटच्या थोडं वर, म्हणजे जवळजवळ चाळीस टक्के कमी. टॅक्सीच्या बॅटरीचं जे होतं तेच, पण जास्त जोरात. म्हणून सेल उतरला की ओढणाऱ्याला धूर कमी वाटतो, तो जास्त वेळ बटण दाबून ठेवतो, वात कोरडी पडते आणि करपते. सेलच्या दृष्टीने दीड ओहम सुरक्षित, हे खरं आहे आणि मी ते लपवलं नाही. बरी उपकरणं आधी कॉइलचा रोध स्वतः मोजतात आणि जमत नसेल तर वीज सोडतच नाहीत, हेही सांगितलं.

पण सेल वाचला म्हणजे माणूस वाचला असं नाही, आणि माझा खरा जीव अडकला होता तो इथे. वातीत असतं ते निकोटीन, ग्लिसरीन आणि प्रॉपिलिन ग्लायकॉल. अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५मध्ये एकाच उपकरणाची वाफ दोन व्होल्टेजना तपासली. ३.३ व्होल्टला फॉर्माल्डिहाइड देणारे पदार्थ सापडले नाहीत, ५ व्होल्टला सापडले. कॉइल तीच, द्रव तोच, फक्त व्होल्ट वाढले. थर्माकोलचा डोळे चुरचुरणारा धूर म्हणजे सुद्धा वाढलेले व्होल्टच होते, फक्त तो आम्ही खिडकी उघडून बाहेर घालवत होतो. ही मुलं तो आत ओढतात. मामांचा खोकला मी पाहिला आहे. गिरणीत त्यांनी तरुणपणाची सगळी वर्षं कापसाच्या धुळीत काढली होती. तो श्वास त्यांनी निवडलेला नव्हता, पोटासाठी घेतलेला होता, आणि शेवटच्या वर्षांत जिना चढताना प्रत्येक मजल्यावर ते कठड्याला धरून उभे राहत. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी फुप्फुसं गिरण्यांना दिली त्याच चाळींतल्या मुलांनी ती हौसेने या नळीला द्यावीत, हे मला सहन होत नाही. भाच्याला मी हे याच शब्दांत सांगितलं. आणि हेही, की अगदी नेमकी जमवलेली कॉइलही निकोटीनच देणार, आणि ते नेमकेपणाने दिलं म्हणून सुटणं सोपं होत नाही.

दोन दिवसांनी मित्र स्वतः आला. चांगला मुलगा, आईवडील दोघंही नोकरीला. भाच्याकडचा आमच्या हिशेबाचा कागद त्याने वाचला होता. "मावशी, किती ओहमची लावू एवढंच सांगा, मी तेवढीच लावीन." मी म्हटलं, ते मी सांगणार नाही, सेल मात्र इथे काढून ठेव. तो थोडा वेळ घुटमळला आणि ठेवला. वरच्या टोकाकडचं प्लॅस्टिकचं वेष्टण सोललेलं होतं, आतला धातू उघडा. अशा सेलला खिशात नुसती किल्ली लागली तरी शॉर्ट होतो. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली आणि दुरुस्तीच्या कामातून निघालेल्या जुन्या बॅटऱ्यांबरोबर ई-कचऱ्यात दिला. नळी तो घेऊन गेला. ती मी मागितली नाही, माझी नव्हती.

भाचा मात्र त्यानंतर गाळ्यावर यायला लागला. त्याला आकडे आवडतात. मला वाटतं त्याला ती नळी आवडली होती तीही धुरापेक्षा त्यातल्या जुळवाजुळवीसाठी. मुलांना काहीतरी हाताने जमवायचं असतं, आणि आपण त्यांना सगळ्या वस्तू बंद डब्यातच देतो. पुठ्ठ्याच्या मखरांना आम्ही एलईडी लावतो. गावी गणपतीत लाइट जाते, म्हणून ते मोटारसायकलच्या बॅटरीवरही चालले पाहिजेत अशी लोकांची मागणी असते. पांढऱ्या एलईडीला साधारण ३.२ व्होल्ट लागतात. भाचा म्हणाला, चार सिरीजमध्ये लावू, बारा व्होल्टला बरोबर भागतील. मी त्याला बेरीज करायला लावली. १२.८. बॅटरी थोडी उतरली की चारही मंद, आणि रोधाला जागाच नाही. तीन लावले तर ९.६, वर उरतात २.४ व्होल्ट. वीस मिलीअँपिअर धरले तर १२० ओहमचा रेझिस्टर. तो उठून डब्यातून १२० काढणार, तेवढ्यात मी विचारलं, चार्जर लावलेला असताना बॅटरीवर किती व्होल्ट असतात? त्याने मीटर आणून मोजले, १३.८. पुन्हा भागाकार केला. १२० ओहमवर पस्तीस मिलीअँपिअर. त्या एलईडीला ते झेपणार नाहीत. मग त्याने स्वतःच २२० काढला. चार्जरवर एकोणीस, नुसत्या बॅटरीवर अकरा. उजेड जरासा कमी, पण अनंत चतुर्दशीपर्यंत टिकणारा. यंदाच्या सगळ्या मखरांना आम्ही २२०च लावतोय, आणि खोक्याच्या झाकणावर तो जाड मार्करने लिहितो: बॅटरी १२ व्होल्ट, तीन-तीनच्या माळा, जास्त जोडू नयेत.